वारुळाचा डाव

एका जंगलात, मुलांनो, भांडायला बंदी होती.

आधी नव्हती. आधी ते जंगल इतर जंगलांसारखंच होतं. दोघांचं एकाच पेरूवर मन गेलं की पंजे निघत, दात निघत, आणि शेवटी पेरू ज्याच्या वाट्याला येई त्याच्याकडे तो चावायला दात उरलेले नसत. मग एके दिवशी तिथल्या वाघमहाराजांना सुधारणा सुचली. त्यांचं नुकतंच जेवण झालं होतं. पोट भरलेलं असलं की राजांना सुधारणा सुचतात.

महाराजांनी दवंडी पिटवली, "इथून पुढे कुणी कुणाला चावायचं नाही. ज्यांचा तंटा असेल त्यांनी पानपट खेळावा. जो जिंकेल त्याचं खरं."

"चावायचं नाही, म्हणजे महाराजांनीसुद्धा का?" एका सशाने विचारलं.

तो ससा नंतर कुणाला दिसला नाही. बाकीच्यांनी मात्र आज्ञा अगदी मनापासून पाळली.

पानपट म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला हवं. नाहीतर मध्येच विचाराल. पळसाची वाळलेली पानं घ्यायची आणि त्यांवर चित्रं काढायची. हे काम साळिंदराकडे होतं, कारण लेखणी त्याच्या पाठीवरच उगवत असे. काही पानांवर झाडांची मुळं काढलेली, काहींवर प्राणी, आणि अगदी थोड्या पानांवर वणवा. खेळायला बसलं की आधी मुळं मांडायची. पुरेशी मुळं झाली की त्यांच्या जोरावर प्राणी उतरवायचा. उंदराला एक मूळ पुरतं, हत्तीला पुष्कळ लागतात. आपल्या प्राण्यांनी समोरच्याचा खड्यांचा ढीग मोडायचा. ज्याचा ढीग आधी संपला, तो हरला. आणि वणव्याचं पान पडलं की समोरच्याचे उतरलेले सगळे प्राणी जळून जातात. झालं, संपला खेळ. सोपा आहे. सोपा होता म्हणूनच तर सगळ्यांना वाटायचं की आपल्याला तो येतो.

साळिंदर ही पानं सुटी देत नसे. पुड्यात बांधून देई आणि पुड्यात काय आहे ते सांगत नसे. मूठभर बोरं ठेवायची आणि पुडा उचलायचा. वणवा निघाला तर नाचायचं, नाही निघाला तर आणखी बोरं शोधायला जायचं. त्या जंगलात एका हंगामात बोरीला बोर उरलं नाही. ज्यांना वणव्याचं पान मिळालं होतं ते त्याला सापाच्या कातीत गुंडाळून ठेवत, पाहुण्यांना दुरून दाखवत, आणि खेळायला मात्र काढत नसत, कारण मग त्याचे कोपरे दुमडले असते.

हसू नका. तुमच्या कपाटात काय काय आहे ते मला माहीत आहे.

आता या जंगलात एक रीत होती. डाव संपला की हरणाऱ्याने सपाट खडकावर उभं राहायचं आणि आपण का हरलो त्याचं कारण सांगायचं. समोर सगळी सभा बसलेली असे. कारण सभेच्या काळजाला भिडलं, तर सगळे एका सुरात म्हणत, "अरेरे!" आणि अरेरे झालं की डाव पुन्हा खेळायचा. असं कितीही वेळा. काही तंटे आजोबांनी सुरू केले होते आणि नातू खेळत होते.

या रीतीमुळे त्या जंगलात खेळ होता तिथेच राहिला. कारणं मात्र फार पुढे गेली.

या जंगलाच्या टेकडीवर एक मोठं वारूळ होतं. आत वाळवीच वाळवी, चविष्ट आणि गुबगुबीत. या वारुळावर दोघांचा हक्क होता. एक होता झिपराअण्णा अस्वल. दुसरा आपला दगडोबा, म्हणजे खवले मांजर. अंगभर खवले, लांब जीभ, आणि घाबरला की गोळा होऊन बसायचं, म्हणून त्याला दगडोबा म्हणत. दरवर्षी थंडी पडायच्या आधी दोघांचा पानपट होई. जो जिंकेल त्याला वर्षभर वारूळ. जो हरेल त्याने ओढ्यापलीकडे जायचं. ओढ्यापलीकडे नुसते हुंबले, म्हणजे झाडावरच्या लाल मुंग्या. आंबट, चावरे, आणि एवढेसे.

झिपराअण्णाला तसं वारुळाचं एवढं अडलं नव्हतं. त्याला मध चाले, मोहाची फुलं चालत, आंबे चालत, लोकांच्या बागेतले आंबेही चालत. दगडोबाला दातच नव्हते. त्याला मुंगी आणि वाळवी सोडून काही खाता येत नसे. तरी दरवर्षी अण्णा जिंके आणि दगडोबा आपली बायको गजराबाई हिला घेऊन ओढा ओलांडे. एका वर्षी तर त्यांची तान्ही लेक आईच्या शेपटीवर बसून आली होती. तिला हुंबले चावले. ती रात्रभर रडली.

"अहो," गजराबाई म्हणाली, "पुढच्या साली तरी जिंका. पोरीचं अंग धरेना."

दगडोबाने ठरवलं की आता शिकायचं.

शिकायचं ठरवलं की क्लास लावायचा असतो. धनेशराव नावाच्या पक्ष्याचा क्लास होता, उंच उंबरावर. धनेशरावांची चोच एवढी मोठी होती आणि तिच्यावर आणखी एक चोच ठेवल्यासारखा मुकुट होता, की ते काही बोलले नाहीत तरी बोलल्यासारखं वाटे. ते स्वतः कधी खेळले नव्हते. "खेळलं की दृष्टी आकसते," असं ते म्हणत.

धनेशरावांनी दगडोबाला दोन गोष्टी शिकवल्या. एक, रोज उठल्यावर ओढ्यात स्वतःचं तोंड बघून "मी विजेता आहे" असं म्हणायचं. दोन, जो जिंकतो त्याच्या जुडीत जी पानं आहेत तीच आपल्या जुडीत ठेवायची.

"पण अण्णांच्या जुडीत वणवे आहेत," दगडोबा म्हणाला.

"मग तूही ठेव."

दगडोबाने एक पावसाळाभर बोरांऐवजी करवंदं, करवंदांऐवजी जांभळं असं करत साळिंदराचे पुडे उचलले आणि जुडी वणव्यांनी भरली. रोज सकाळी ओढ्यात बघून म्हटलं, "मी विजेता आहे." ओढ्यातला खवल्याही तेच म्हणायचा. दोघांचं एकमत होतं.

डावाचा दिवस आला आणि दगडोबा नेहमीपेक्षा लवकर हरला. खडकावर उभा राहिला.

"ऊन डोळ्यांवर येत होतं," तो म्हणाला.

सभेने वर पाहिलं. आभाळ भरून आलेलं होतं. कुणी अरेरे म्हटलं नाही. एक माकड तर हसलं.

पुन्हा ओढा. पुन्हा हुंबले. लेक आता आईच्या शेपटीवरून उतरून स्वतः चालायला लागली होती, पण पाय काड्यांसारखे. गजराबाई ते पाय चोळत बसली.

मग दगडोबाने त्या जंगलात आजवर कुणी केलं नव्हतं ते केलं. तो मोहाची फुलं घेऊन झिपराअण्णाकडे गेला. फुलं पुढे ठेवली आणि विचारलं, "अण्णा, माझं कुठं चुकलं?"

अण्णाने कान खाजवला. "म्हंजे?"

"म्हणजे मी हरलो ना. माझं काय चुकलं?"

अण्णा चकित झाला. त्याने आयुष्यात शेकडो कारणं ऐकली होती. ऊन, वारा, डास, सासू, ग्रहण, पान ओलं होतं, पान कोरडं होतं. पण माझं चुकलं कुठे, हे त्याला कधी कुणी विचारलं नव्हतं. आणि बघा, मोठ्याला आपण "तुम्हाला कसं जमतं?" असं विचारलं, की तो आधी घसा साफ करतो आणि मग थांबत नाही.

"अरं, तुझ्या जुडीत मुळंच न्हाईत," अण्णा म्हणाला. "नुसते वनवे. मुळं नसली तर वनवा पडतोय व्हय? हातात धरून बसलास तू."

"पण धनेशराव म्हणाले, तुमच्यासारखी जुडी ठेव."

"धनेशरावानं माझे वनवे मोजले. मुळं न्हाई मोजली. मुळांकडं कोन बघतंय?"

दगडोबा घरी गेला, निम्मे वणवे काढून साळिंदराला परत दिले आणि त्यांच्या बदली मुळं मागितली. साळिंदर त्याच्याकडे बघतच राहिला. मुळं तर लोक वाटेवर टाकून जात.

दगडोबा पुन्हा फुलं घेऊन गेला. अण्णाबरोबर नुसता सरावाचा एक डाव खेळला, हरला, आणि विचारलं, "आता?"

"आता घाई," अण्णा फुलं चावत म्हणाला. "पान हातात आलं की तू टाकलंच. पान काय नासतंय? ठेव जरा. समोरचा काय करतोय ते बघ."

तिसऱ्या खेपेला अण्णा फार खुशीत होता. "आनि एक सांगू का? रागावू नगंस. तुला चांगलं पान आलं ना, की तुझे खवले खडखडतात. मी तर तुझ्याकडं बघतबी न्हाई. नुसतं ऐकतो."

दगडोबा थक्क झाला. इतकी वर्षं तो आपलं पान स्वतःच वाजवून दाखवत होता आणि वर नशिबाला बोल लावत होता. त्याला लाज वाटली. पण लाजेखाली कुठेतरी त्याला आनंदही झाला, कारण नशिबाचं काही करता येत नाही, खवल्यांचं येतं.

त्या दिवसापासून घरी सराव सुरू झाला. गजराबाई पानं वाटायची आणि दगडोबाच्या पाठीवर मूठभर जिवंत हुंबले सोडायची. हुंबले खवल्यांखाली शिरत, चावत, गुदगुल्या करत. खवला हलला की डाव गेला, असं ठरलेलं. लेक समोर बसून कान लावायची. आधी सगळा वेळ खडखडाटच होता. मग हळूहळू कमी झाला. मग एके दिवशी वणवा आला, हत्ती आला, पाठीवर हुंबल्यांची जत्रा भरली, आणि दगडोबा दगडासारखा बसून राहिला.

"वाजलं न्हाई," गजराबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

या सगळ्या भानगडीत दगडोबाला आणखी एक गोष्ट दिसली. समोरच्याकडे बघायला शिकल्यामुळे दिसली. झिपराअण्णाच्या हातात वणवा असला, की अण्णा डावा पंजा तोंडात घालून चोखत बसे. लहान बाळासारखा. त्याचं त्याला माहीत नव्हतं. दगडोबाने ते मनात ठेवलं.

डावाचा दिवस आला. सगळं जंगल टेकडीवर जमलं. पंच म्हणून ढवळाप्पा गवा बसला. तो न्यायासाठी प्रसिद्ध होता, म्हणजे त्याचं अंग मोठं होतं आणि तो हळू बोलायचा. वारूळ समोरच उभं होतं. दगडोबाच्या लेकीने त्याच्याकडे बघून जीभ बाहेर काढली आणि घाईने आत घेतली.

पहिल्या डावात दगडोबाने शांतपणे मुळं मांडली. अण्णाने पंजा तोंडात घातला. दगडोबाने नुसता एक उंदीर उतरवला. उंदीर ढीग कुरतडू लागला, म्हणून अण्णाला वणवा त्या उंदरावर खर्च करावा लागला. अण्णाचा पंजा तोंडातून निघाला आणि दगडोबाने हत्ती उतरवला. अण्णाचा ढीग सपाट!

दगडोबा जिंकल्यावर काय करायचं असतं ते कुणाला माहीत नव्हतं. गजराबाई लेकीला पोटाशी धरून नुसती हलत होती.

अण्णा खडकावर चढला. त्याने डावा पंजा वर केला.

"मंडळी," तो म्हणाला, "काल मधमाशी चावली. तुमी बघितलंच, खेळताना मी पंजा चोखत हुतो. कळ काळजापर्यंत जात हुती. तरी खेळलो. तुमच्यासाठी खेळलो."

"अरेरे!" सभा म्हणाली.

"पण अण्णा तर उजव्या हाताने पानं टाकतात," दगडोबा म्हणाला.

"दुसऱ्याच्या कारणात," ढवळाप्पा हळूहळू म्हणाला, "मोडता... घालू नये. डाव पुन्हा."

दुसराही डाव दगडोबाने जिंकला. तसाच. पंजा तोंडात, तर थांबायचं. पंजा बाहेर, तर चालायचं.

अण्णा पुन्हा खडकावर चढला. आता त्याचा आवाज खोल गेला होता.

"हा दगडोबा," तो म्हणाला, "सालोसाल खेळताना खडखडतो. मला त्याची सवय. आनि आज? आज आवाजच न्हाई! एवढी शांतता मी जन्मात ऐकली न्हाई. माझ्या चित्ताचं पार पानी झालं."

सभेला हे इतकं आवडलं की अरेरे दोनदा झालं. एक हरणी पुसायला डोळे शोधू लागली, ते पाण्याने भरलेले असल्यामुळे तिला सापडेनात. ढवळाप्पाने मान डोलावली. डाव पुन्हा.

तिसरा डाव लागला तेव्हा उन्हं कलली होती. दगडोबा दमला होता. पाच मुळं मांडून झाली, हातात हत्ती आला. अण्णाने पंजा तोंडात घातला. दगडोबाला दिसला. मुलांनो, त्याला अगदी स्पष्ट दिसला. पण दोन डाव जिंकला होता, वारूळ समोर होतं, लेक टक लावून बघत होती, आणि त्याला वाटलं, एकदाचं संपवून टाकू. त्याने हत्ती उतरवला. अण्णाने वणवा टाकला. हत्ती जळाला, आणि मागून दगडोबाचा ढीगही गेला.

आता दगडोबाची पाळी. तो खडकावर चढला. सभा कारणासाठी सरसावून बसली. खरं सांगायचं तर सगळे त्याच्या बाजूने होते. दोनदा जिंकलेल्याला एक अरेरे द्यायला कुणाची ना नव्हती. नुसतं "डोळ्यांत कचरा गेला" म्हटलं असतं तरी भागलं असतं.

पण दगडोबा वर्षभर एकच प्रश्न विचारत आला होता, आणि तोंडाला तीच सवय लागली होती.

"माझं चुकलं," तो म्हणाला. "हत्ती एक पाळी आधी उतरवला. थांबायला हवं होतं."

ढवळाप्पाने मान पुढे काढली.

"म्हणजे," ढवळाप्पा म्हणाला, "तू हरलास... ते तुझ्यामुळेच?"

"हो."

"मधमाशी?"

"नाही."

"निदान वारा?"

"वारा नव्हता, आप्पा."

ढवळाप्पाने डोळे मिटले. उघडले. "असा प्रामाणिक प्राणी," तो म्हणाला, "या जंगलात झाला नाही. हरला हे स्वतःच कबूल करतो. मग आपण कोण नाही म्हणणार? वारूळ अण्णांचं. आणि दगडोबाचा सत्कार."

सत्कार झाला. केळीचं एक हिरवंगार पान दगडोबाच्या खांद्यावर घातलं. धनेशरावांनी भाषण केलं. दगडोबा आपल्याच क्लासात शिकला, हे त्यांनी तीनदा सांगितलं. टाळ्या झाल्या. मग सगळे घरी गेले.

"हे काय?" ओढ्यावर गजराबाईने केळीच्या पानाकडे बोट दाखवून विचारलं.

"सत्कार."

"ह्यावर वाढू काय?"

दगडोबाला रडू आलं. तो गोळा होऊन बसला आणि त्याने आतल्या आत, कुणाला ऐकू जाणार नाही असं, रडून घेतलं. लेक त्याच्या खवल्यांना नाक लावून बसली.

थंडी मध्यावर आली तेव्हा एक दिवस झिपराअण्णा ओढा ओलांडून आला. हातात वाळवीचा द्रोण होता. वारूळ खाऊन तो जाडजूड झाला होता, पण तोंड उतरलेलं होतं.

"दगड्या," तो हळूच म्हणाला, "एक इचारू? कुनाला सांगू नगंस. पहिल्या दोन डावांत... माझं कुठं चुकलं रं?"

दगडोबाने मान वर केली. त्याला माहीत होतं. एका वाक्यात सांगता आलं असतं. अण्णाने त्याला तीनदा सांगितलं होतं, मन मोकळं करून सांगितलं होतं, आणि दगडोबा उपकार विसरणारा नव्हता. त्याने तोंड उघडलं.

मग त्याला लेकीचे पाय दिसले.

"छे हो, अण्णा!" तो म्हणाला. "तुमचं काय चुकणार? ती मेली मधमाशी. तिनेच घात केला."

अण्णाचा चेहरा उजळला. "व्हय ना? मलाबी तसंच वाटत हुतं."

"तसंच आहे. आणि अण्णा, पंजाची काळजी घ्या बरं. खेळताना दुखलं की खुशाल चोखत चला. बरं असतं ते."

"तू लई चांगला हायेस," अण्णा म्हणाला. त्याला भरून आलं होतं. तो द्रोण ठेवून, पंजा चोखत, ओढा ओलांडून निघून गेला.

तो दिसेनासा झाल्यावर गजराबाईने लेकीपुढे द्रोण ठेवला आणि पानं पिसायला घेतली. सकाळी खेळाचा सराव व्हायचा, तसा आता संध्याकाळी दुसराही सराव सुरू झाला. दगडोबा एका दगडावर चढून कारण सांगायचा. मधमाशी, वारा, तान्ही लेक आजारी, काही ना काही. मायलेकी समोर सभा होऊन बसायच्या आणि मनाला भिडलं तरच अरेरे म्हणायच्या. गजराबाई फार कडक सभा होती.

आणि कारण ऐन रंगात आलं की दगडोबा आता खवले मुद्दाम खडखडवायचा. त्याने ऐकणाऱ्याला फार वाईट वाटायचं.

तात्पर्य : आपली चूक कसून शोधावी, सापडली की घरात नीट जपून ठेवावी, आणि चारचौघांत मधमाशीचं नाव घ्यावं. दुसऱ्याची चूक सापडली, तर त्याचं मनापासून सांत्वन करावं.